गुरुवारची प्रत

१

शुक्रवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मोजणीदारांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि पडद्याकडे बघत म्हणाले, "बाई, माझा बुधवार कुणीतरी चोरलाय."

नदीवरचा जुना पूल गाड्यांसाठी बंद होऊन आठ महिने झाले होते. दर बुधवारी मोजणीदार शिडीवरून पुलाखाली उतरत आणि चोवीस खांबांवरच्या भेगा एका छोट्या यंत्राने मोजत. संध्याकाळी कार्यालयात येऊन ते यंत्र फाइल सर्व्हरला जोडलं की आकडे डेटाबेसमध्ये जात आणि यंत्र रिकामं होई. या बुधवारीही हे सगळं रीतसर झालं होतं. आता पडद्यावर शेवटची नोंद होती ती मागच्या बुधवारची.

"नीट बघा, काका. खाली सरकवा."

"सरकवून सरकवून बोट झिजलं. नाहीये."

जिला ते सांगत होते, तिला कार्यालयात सगळे प्रतबाई म्हणत. सोळा वर्षं ती एकच काम न चुकता करत आली होती. दुपारी दीड वाजता सगळे डबे उघडत, तेव्हा ती सर्व्हरच्या थंड खोलीत जाऊन डेटाबेस थांबवायची, त्याच्या फाइली त्या दिवसाच्या फोल्डरमध्ये उतरवायची आणि डेटाबेस परत सुरू करायची. चालू डेटाबेसची नक्कल घेतली तर अर्धी कालची, अर्धी आजची अशी फाटकी प्रत हाती येते, म्हणून आधी थांबवायचं. माउसला ती हात लावत नसे. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या, एवढंच. पाच वारांचे पाच फोल्डर होते. या आठवड्याची प्रत मागच्या आठवड्याच्या प्रतीवर बसे.

बुधवारचे आकडे बुधवारी संध्याकाळी आत गेले होते, म्हणजे ते बुधवारच्या प्रतीत असणं शक्य नव्हतं. ते फक्त गुरुवारच्या प्रतीत असणार. तिने गुरुवारची प्रत उघडली. तिथेही शेवटची नोंद मागच्याच बुधवारची होती.

नऊ चाळीसला साहेबांनी तिला आत बोलावलं. टेबलावर दोन कागद तयार होते.

"बसा, बाई. घाबरू नका."

"मी घाबरलेली दिसते का?"

साहेब हसले. त्यांनी पहिला कागद तिच्याकडे सरकवला. वर लिहिलं होतं: 'सर्व्हरवरील आज्ञांचा उतारा'. खाली गुरुवारच्या तीन नोंदी. १.३२ ला डेटाबेस बंद. १.४१ ला डेटाबेस सुरू. मधली ओळ १.३३ ची:

cp प्रती/गुरू चालू

सीपी म्हणजे नक्कल कर. या आज्ञेपुढे आधी लिहायचं काय उचलायचं ते, मग कुठे ठेवायचं ते. 'चालू' हा रोजच्या कामाचा फोल्डर. तो आधी यायला हवा होता आणि प्रतीचा नंतर. कागदावर नेमकं उलटं होतं. मागच्या गुरुवारची जुनी प्रत उचलून चालू डेटाबेसवर ठेवली गेली होती. एका ओळीत दोन्हीकडचा बुधवार गेला. तळाशी साहेबांची सही होती: 'सदर उतारा यंत्रातून जसाच्या तसा छापून घेतला आहे.'

"माणूस आहे, चुकतं," साहेब म्हणाले. "सोळा वर्षांत एकदा. बाकीचं सगळं आमच्या जावयानं बुधवारच्या प्रतीवरून आत्ताच परत आणलंय. गेलं ते एवढं एक मोजमाप. या दुसऱ्या कागदावर सही करा. नुसती ताकीद मिळेल."

दुसऱ्या कागदावर लिहिलं होतं, माझ्या हातून आज्ञा उलटी टाइप झाली.

"ही माझी चूक नाही."

"मग कुणाची? काल दीड वाजता त्या खोलीत कोण होतं?"

"मीच होते."

"झालं तर." साहेब खुर्चीत मागे रेलले. "चार वाजता वरच्या कार्यालयाच्या तपासनीस बाई येतायत. उद्या सकाळी पूल खुला होतोय. त्या येईपर्यंत सही झाली नसेल, तर ताकीद नाही, निलंबन. मला आवडणार नाही, पण करावं लागेल."

तिने कागदाकडे बघितलं, मग साहेबांच्या पेनकडे.

"या उताऱ्याची एक झेरॉक्स द्या मला. सहीचं चार वाजता बघू."

२

थंड खोलीत बारा महिने स्वेटर घालावा लागे. तिने तो घातला, पडद्यासमोर बसली आणि प्रतींची यादी मागवली.

गुरु, बुध, मंगळ, शुक्र, सोम.

यंत्राला वार कळत नाहीत, मुळाक्षरं कळतात. त्यामुळे सोळा वर्षं तिचा आठवडा असाच विस्कटलेला दिसत आला होता. पाचही फोल्डर जागेवर होते.

मग तिने दिलेल्या आज्ञांची यादी मागवली. बुधवारच्या होत्या, आज सकाळच्या होत्या. गुरुवारचं पान कोरं होतं. कागदावर उतारा होता आणि ज्याचा तो उतारा, तेच यंत्रात नव्हतं.

तिने रजिस्टर उघडलं. प्रत झाली की ती दोन्हीकडच्या फाइलींचा ठसा काढून ताडून बघे. ठसा म्हणजे यंत्राने फाइल वाचून बनवलेली अक्षरांची एक माळ. फाइलीत एक टिंब बदललं तरी माळ बदलते. त्यातली शेवटची सहा अक्षरं ती रजिस्टरात लिहून ठेवी. मागच्या गुरुवारची सहा वेगळी होती, या गुरुवारची वेगळी. म्हणजे काल दुपारी तिच्या समोर नवी प्रत झाली होती, आणि सरळ दिशेने झाली होती.

ती रजिस्टर घेऊन साहेबांकडे गेली आणि दोन मिनिटांत परत आली.

"काय म्हणाले?" दारात उभ्या मोजणीदारांनी विचारलं.

"म्हणाले, रजिस्टर तुमच्याच हातचं आहे, काहीही लिहाल. आणि आज्ञांची यादी जावयानं जागा अडते म्हणून पुसली. छापून घेतल्यावर."

"सोयीचं आहे."

"काका, तुम्हाला आकडे आठवतात?"

मोजणीदारांनी दार ओढून घेतलं. "चोवीस खांबांचे कसे आठवतील? पण अकरावा आठवतो. आठ महिने ती भेग ढिम्म हलली नव्हती. बुधवारी मी तीनदा मोजली. हलली होती. चांगली दोन केसांएवढी."

"साहेबांना सांगितलंत?"

"बुधवारी संध्याकाळीच सांगितलं. म्हणाले, बघतो."

"मग आज परत उतरा आणि मोजा."

"काय मोजू? काल दुपारी गवंडी लावून सगळ्या भेगा बुजवल्या, वरून पांढरा लेप. नवरीसारखा सजलाय पूल." ते हसले नाहीत. "तोंडी सांगितलं तर म्हणतील, म्हातारा चळलाय. महिनाअखेर साहेब निवृत्त होतायत, बाई. जाताना पूल खुला करून जायचंय त्यांना. आणि कागदावर आता तुमची चूक आहे. माझी भेग कुठेच नाही."

"साहेबांना ही आज्ञा तरी देता येते का? ते तर साधं पत्रसुद्धा स्वतः टाइप करत नाहीत."

"त्यांना नसेल येत," मोजणीदार म्हणाले. "त्यांच्या जावयाला येते."

३

जावई कार्यालयाचं नेटवर्क सांभाळत असे. साहेबांच्या मुलीचा नवरा म्हणून त्याला सगळे जावईच म्हणत, आणि तोही त्या हाकेला ओ देई. बत्तीस वर्षांचा, बारीक, कायम हेडफोन गळ्यात. बारा वाजता प्रतबाई त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली, तेव्हा त्याने दोन्ही कानांत हेडफोन घातले.

तिने वायर उपटली.

"अहो!"

"काल दुपारी दीड ते दोन कुठे होतास?"

"डबा खात होतो. कँटीनमध्ये. विचारा कुणालाही."

"आणि दोन ते तीन, मी डबा खायला गेले तेव्हा?"

तो पडद्याकडे वळला. त्याच्यापुढे कुठल्या तरी दुसऱ्या मशिनीचा काळा पडदा उघडा होता. त्याने एक अक्षर दाबलं, लगेच डावीकडची टॅब कळ, आणि पूर्ण लांबलचक नाव आपोआप उमटलं. परत एक अक्षर, परत टॅब. बोटं पाण्यासारखी चालत होती.

"तू अख्खं नाव कधीच टाइप करत नाहीस?"

"कशाला करायचं? मशीनला माहीत असतं काय काय आहे ते. पहिलं अक्षर दिलं की बाकीचं तीच भरते." तो क्षणभर खुलला. "तुम्ही अजून अक्षर-अक्षर बडवता, प्रतबाई. कळफलक रडतो तुमच्या नावानं."

"मी बडवते म्हणून काय बडवलं ते मला आठवतं. आज्ञांची यादी तू पुसलीस?"

तो परत मिटला. "सांगितलं होतं म्हणून पुसली."

"कुणी?"

"तुम्हाला माहितेय कुणी."

"पुसायच्या आधी छापलीस?"

"मी?" त्याच्या चेहऱ्यावर खरंच आश्चर्य होतं. "मी काही छापलं नाही. मला कुणी छापायला सांगितलंच नाही." आणि लगेच, आपण जास्त बोललो हे कळून, "बाई, आमच्या घरात सासऱ्यांना नाही म्हणायची सोय नाहीये. मला यात ओढू नका."

त्याने वायर परत जोडली. ती उभीच राहिली. जावयाने उतारा छापला नव्हता. साहेबांना छापता येत नव्हता. तरीही तो तिच्या हातात होता.

४

दीड वाजला. सोळा वर्षांत पहिल्यांदा ती या वेळी थंड खोलीत नव्हती. साहेबांनी किल्ली काढून घेतली होती. ती टंकलेखनाच्या खोलीत गेली, आणि तिथे तिच्या नणंदेने पोळीचा घास हातातच धरून म्हटलं, "वहिनी, सही करून टाक."

नणंद तीन वर्षांपूर्वी तिच्याच ओळखीने इथे तात्पुरती लागली होती. दोघी एका घरात राहत, एका बसने येत आणि वाटेत भांडत.

"तुला कुणी सांगितलं सहीचं?"

"सगळ्या ऑफिसला माहितेय. नुसती ताकीद आहे. कोण बघतं फायलीतली ताकीद? दादाला तरी कळणार नाही."

"तुझ्या दादाला मी सकाळीच फोन केलाय. तो म्हणाला, तू केलं नसशील तर करू नकोस सही."

"त्याला काय जातंय म्हणायला!" नणंदेने डबा बाजूला सारला. टेबलावर पुलाशी लावायच्या सूचनेचा कागद होता. तिने लाल पेन्सिलीने 'सुचना' मधला उकार दीर्घ केला आणि 'उद्या पासून' जोडून टाकलं. हात रागात असला तरी पेन्सिल चुकत नव्हती. "तू निलंबित, माझी मुदत महिनाअखेर संपतेय. दोघी घरी बसू आणि एकमेकींची तोंडं बघू. चालेल?"

"तोंडं काय, रोज बघतोच."

"चेष्टा नको करू."

"मी केलेलंच नाही गं, तर कबूल कसं करू?"

"चूक होते माणसाकडून! तुझ्याकडून कधीच होत नाही का? तू काय—" नणंद एकदम थांबली. तिची नजर प्रतबाईच्या हातातल्या झेरॉक्सवर गेली होती. तिने ती झटकन दुसरीकडे नेली आणि सूचनेवर परत वाकली. तिथे आता सुधारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"काय झालं?"

"काही नाही. पाणी आणते."

पाण्याची बाटली तिच्या कोपराशी भरलेली उभी होती. ती घेतल्याशिवायच नणंद बाहेर गेली.

५

पावणेतीन वाजता मोजणीदारांनी थंड खोलीची जुनी किल्ली आणून दिली. कुठून आणली ते त्यांनी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही.

तिला दुसऱ्या कुणाची नाही, स्वतःची खात्री करून घ्यायची होती. सोळा वर्षं रोज तेच टाइप करणारी बोटं एखाद्या दिवशी फिरली असली तर? माणूस सवयीने डोकं बाजूला ठेवून काम करतो, हे तिला नाकारता येत नव्हतं. साहेबांचं म्हणणं अशक्य नव्हतं, आणि म्हणूनच ते तपासून बघायला हवं होतं.

तिने 'चालू' आणि 'प्रती' या दोन्ही फोल्डरांची एक वेगळी नक्कल बाजूच्या जागेत काढली. आता तिथे काहीही केलं तरी खऱ्या फाइलींना धक्का लागणार नव्हता. मग झेरॉक्स पडद्याला टेकवून ठेवली आणि कागदावरची मधली ओळ, अक्षरावर अक्षर ठेवत, जशीच्या तशी टाइप केली. एंटर.

यंत्राने उत्तर दिलं: असा फोल्डर नाही.

तिला वाटलं, आपलंच बोट घसरलं. परत टाइप केली.

असा फोल्डर नाही.

तिसऱ्यांदा तिने ओळ टाइप केली नाही. तिने कागद आणि पडदा शेजारी-शेजारी धरले. मग स्वेटर काढला, कारण तिला एकाएकी घाम फुटला होता.

कागदावर काय चुकलंय ते तिला दिसलं. आणि अशी चूक या कार्यालयात फक्त एकच माणूस करू शकतो, हेही दिसलं. ते माणूस तिच्या घरचं होतं.

६

चार वाजता साहेबांच्या खोलीत सहा खुर्च्या मांडल्या होत्या. तपासनीस बाई उंच, पांढऱ्या केसांच्या, आणि चहाला आधीच नाही म्हणून बसलेल्या. साहेब, जावई, मोजणीदार. नणंद कोपऱ्यात टिपणवही घेऊन. सहावी खुर्ची प्रतबाईची होती. ती बसली नाही.

"सही झाली का?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"नाही, आणि होणार नाही," प्रतबाई म्हणाली. "हा उतारा यंत्रातून जसाच्या तसा छापलाय, असं साहेबांनी खाली लिहून दिलंय. तुम्ही एकदा त्यांना विचारा, तसंच आहे ना?"

"तसंच आहे," साहेब म्हणाले. "सही माझीच आहे."

"मग थंड खोलीत चला. पाच मिनिटं लागतील."

"हा काय तमाशा आहे?"

"तमाशाच आहे," तपासनीस बाई उठत म्हणाल्या. "बघू तरी."

सहाही जण त्या खोलीत कसेबसे मावले. प्रतबाईने तपासनीस बाईंनाच खुर्चीवर बसवलं. "मी हात लावणार नाही. कागदावरची मधली ओळ तुम्ही टाइप करा. ही बाजूची जागा आहे, काही बिघडत नाही."

बाईंनी एका बोटाने टाइप केलं. एंटर.

असा फोल्डर नाही.

"असं कसं?" त्या पुटपुटल्या. "यादीत तर दिसतोय."

"नीट बघा. मी सोळा वर्षांपूर्वी हे फोल्डर केले, तेव्हा वारांची नावं लिहिली आणि प्रत्येकातला 'वार' कापला. सोमवारचा सोम झाला. गुरुवारचा गुरु झाला. गुरुवारमधला रु ऱ्हस्व असतो, तो तसाच राहिला. एकटा शब्द लिहायचा तर मराठीत तो दीर्घ हवा, हे मला नंतर कळलं. पण सगळ्या आज्ञा तोवर त्या नावावर बसल्या होत्या, म्हणून बदललं नाही. माझ्या यंत्रात शुद्धलेखनाची चूक आहे. सोळा वर्षं आहे." तिने कागदावर बोट ठेवलं. "इथे ती नाही. इथे रू दीर्घ आहे. अगदी शुद्ध."

"एका उकारावरून—" साहेबांनी सुरुवात केली.

"यंत्राला ऱ्हस्व आणि दीर्घ ही दोन वेगळी नावं आहेत, साहेब. त्याला अर्थ कळत नाही. ही ओळ काल कुणी टाइप केली असती तर असंच उत्तर आलं असतं आणि एक फाइलही हलली नसती. म्हणजे ही आज्ञा कधी दिलीच गेली नाही. आणि यंत्र छापताना कुणाचं शुद्धलेखन सुधारत नाही. हा उतारा यंत्रातून आलेला नाही. तो माणसानं लिहिलाय."

"जावयानं लिहिला असेल," साहेब म्हणाले. ते इतक्या पटकन म्हणाले की जावयाने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"त्यानं नाही. तो अख्खं नाव कधीच टाइप करत नाही. पहिलं अक्षर देतो, बाकीचं यंत्राकडून भरून घेतो. त्यानं बनवला असता तर माझी चूक जशीच्या तशी उतरली असती. ज्यानं हे टाइप केलं, त्यानं फोल्डर बघितलाच नाही. त्यानं नाव ऐकलं. कानाला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. लिहिताना हातानं आपलं योग्य ते लिहिलं."

"कुणाच्या हातानं?" तपासनीस बाईंनी विचारलं.

प्रतबाईने झेरॉक्सची घडी घातली. हे नाव ती घेणार नव्हती. कागद खोटा ठरला होता, तिच्यापुरतं तेवढं पुरे होतं, पण तपासनीस बाई वाट बघत होत्या.

"कुणीतरी कबूल करेपर्यंत इथेच उभं राहायचं का सगळ्यांनी?" साहेब म्हणाले. "बाई, नाव माहीत असेल तर बोला. नाहीतर हा सगळा तुमचा बनाव समजायचा."

"माझ्या हातानं," नणंद म्हणाली.

ती दाराशी होती. टिपणवही छातीशी घट्ट धरली होती, पण आवाज खणखणीत होता.

"साहेब फेऱ्या मारत सांगत होते, मी टाइप करत होते. पहिला शब्द इंग्रजीत, पुढचे मराठीत, म्हणाले. मला त्यातलं काही कळलं नाही. मला वाटलं, कसला तरी नमुना असेल. आज हा कागद वहिनीच्या हातात बघितला तेव्हा कळलं."

"केव्हा टाइप केलंस?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"काल. साडेचार वाजता."

"आकडे गेल्याचं कळलं केव्हा?"

"आज सकाळी नऊ दहाला," मोजणीदार म्हणाले. "मलाच कळलं. पहिल्यांदा."

तपासनीस बाईंनी साहेबांकडे बघितलं. चूक उघडकीला येण्याच्या आदल्या दिवशीच तिचा पुरावा तयार झाला होता.

"तुझी मुदत महिनाअखेर संपतेय," साहेब नणंदेला हळूच म्हणाले.

"संपू दे," ती म्हणाली. "तोवर खरं तरी टाइप करते."

"आता एकच राहिलं," प्रतबाई जावयाकडे वळली. "काल दोन ते तीन तू इथे होतास. मागच्या गुरुवारची प्रत माझ्या नव्या प्रतीखाली जाण्याआधी तू सकाळीच बाजूला काढून ठेवली होतीस. माझी नवी प्रत झाल्यावर ती जुनी दोन्हीकडे चढवलीस. बरोबर?"

जावयाने सासऱ्यांकडे बघितलं. सासऱ्यांनी थोड्याच वेळापूर्वी त्याचं नाव किती पटकन घेतलं होतं, ते बहुधा त्याच्या कानात अजून वाजत होतं.

"ते म्हणाले, जुने आकडे परत तपासायचेत. संध्याकाळी नवे चढव. संध्याकाळी म्हणाले, आता राहू दे. यादी पुसून टाक."

"मी विचारते ते वेगळंच आहे. चढवण्याआधी तू काय केलंस?"

"म्हणजे?"

"तुझ्या धंद्यातला माणूस कशावर काही चढवतो, तेव्हा खाली जे आहे ते आधी काय करतो?"

जावयाच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला, आणि त्याबरोबर भीतीही. त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात बोटभर लांबीची एक मेमरी स्टिक होती.

"बाजूला ठेवतो," तो म्हणाला.

"मूर्खा," साहेब म्हणाले.

त्यानंतर प्रतबाई खुर्चीवर बसली. स्टिकवरच्या फाइलींचा ठसा काढला. शेवटची सहा अक्षरं तिने मोठ्याने वाचली, मोजणीदारांनी रजिस्टरात बोट ठेवून ती ताडली. जुळली. तिने डेटाबेस थांबवला, आज्ञा अक्षर-अक्षर बडवत टाइप केली, सुरू केला. बुधवार परत आला. अकराव्या खांबासमोरचा आकडा तपासनीस बाईंनी दोनदा वाचला आणि फोन काढला.

"उद्याचं रद्द करा," त्या फोनवर म्हणाल्या. "हो, सगळं. पूल उघडणार नाही."

७

शनिवारी सकाळी आठच्या बसमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. पूल उघडणार म्हणून लोक खुशीत निघाले होते आणि थांब्यावर येऊन त्यांना कळलं होतं की आजही लांबच्या पुलावरूनच जायचं. पाऊण तास जास्त. वळणावर बस कलली तसे सगळे एकमेकांवर कोसळले.

"आठ महिने!" एक जाडगेला गृहस्थ दांड्याला लोंबकळत ओरडला. "आठ महिने बघतोय आम्ही. परवा अगदी लेप-बिप लावून तयार केला, आणि रातोरात परत बंद! कोण शहाणा आहे हा?"

"ऑफिसात बसून काय कळतं यांना," कुणीतरी दुजोरा दिला.

"समोर आला ना तो माणूस, तर विचारीन मी!"

नणंदेने प्रतबाईचा पदर ओढला. "वहिनी, गप बस हं. उगाच नको."

प्रतबाईने डब्याची पिशवी नणंदेच्या हातात दिली आणि गर्दीतून वळून त्या गृहस्थाकडे तोंड केलं.

"मी बंद केला," ती म्हणाली. "विचारा."